मोपाहून घेतलेली गाडी, आचऱ्याच्या वाटेवरचा गडगा आणि १ लाख ३९ हजारांचं बिल

न्यू जर्सीत राहणारं एक जोडपं गणपतीला आजोळी मालवण तालुक्यात आलं. मोपाच्या मनोहर विमानतळावर उतरलं आणि गोव्याच्या एका लहान गाडीवाल्याकडून बारा दिवसांसाठी सेल्फ ड्राइव्ह हॅचबॅक घेतली. हे प्रकरण एकाच घरचं नाही. अशा व्यवहारांत पुन्हा पुन्हा जे घडतं ते एकत्र करून ते मांडलं आहे आणि बिलाचे आकडे उदाहरणादाखल आहेत. विम्याच्या अटी आणि टक्केवारी मात्र पॉलिसीत छापलेली असते तशीच घेतली आहे.

गाडी १२०० सीसीच्या आतली, पेट्रोल, सव्वातीन वर्षं जुनी. भाडं दिवसाला ₹२,२००, म्हणजे बारा दिवसांचे ₹२६,४००. डिपॉझिट ₹१०,०००. गाडीवाल्याने वर 'डॅमेज प्लॅन' देऊ केला. दिवसाला ₹३५० भरले, म्हणजे एकूण ₹४,२००, तर गाडीला धक्का लागल्यास ग्राहकाची जबाबदारी ₹७,५००पर्यंत. प्लॅन नको असेल तर जे नुकसान होईल ते सगळं ग्राहकाचं. जोडप्याकडे अमेरिकी बँकेचं व्हिसा कार्ड होतं आणि त्यावर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण फुकट मिळत होतं. शिवाय न्यू जर्सीतल्या घरच्या गाडीचा विमाही चालू होता. विमान उतरलं तेव्हा प्रश्न एवढाच वाटत होता: प्लॅनचे बेचाळीसशे वाचवायचे का?

घरच्या विम्याचं उत्तर लगेच देता येतं. अमेरिकेतली खासगी गाडीची पॉलिसी तिथे भाड्याने घेतलेल्या गाडीलाही बहुधा लागू होते, म्हणून तिकडे 'कार्ड की स्वतःचा विमा' हा खरोखरचा प्रश्न आहे. क्लेम घरच्या पॉलिसीवर टाकला तर तिची वजावट, म्हणजे नुकसानीतला आपणच भरायचा ठरलेला हिस्सा, आपण सोसायची आणि पुढचा हप्ता वाढण्याची धास्ती बाळगायची. कार्डाचं संरक्षण बहुतेक वेळा त्या पॉलिसीच्या मागे उभं राहतं आणि तिने न दिलेलं भरून काढतं. पण त्या पॉलिसीची हद्द अमेरिका, तिच्या ताब्यातले प्रदेश आणि कॅनडा एवढीच असते. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर ती कागदाच्या मोलाची. उलट कार्डधारक स्वतःच्या देशाबाहेर असला की व्हिसाचं हे संरक्षण कुणाच्या मागे न राहता पहिलं होतं, आणि त्याच्या नेहमीच्या वगळलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. म्हणजे कार्ड इथे चालू शकतं. अटी पाळल्या असतील तर.

भारतातल्या वाचकांची गल्लत वेगळ्या जागी होते. 'माझ्या गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, मग भाड्याच्या गाडीला कशाला वेगळा?' हा प्रश्न कुडाळ स्टेशनबाहेरही ऐकू येतो. आपल्याकडे मोटार विमा गाडीच्या नंबराला चिकटलेला असतो. माणूस दुसऱ्या गाडीत बसला म्हणून तो सोबत जात नाही. भारतीय बँकांच्या क्रेडिट कार्डांवर जे विमे दाखवलेले असतात ते बहुतेक विमान अपघात, हरवलेलं कार्ड, सामान या जातीचे. भाड्याच्या गाडीच्या पत्र्यासाठी त्यांत सहसा काही नसतं. कार्ड प्लॅटिनम असो नाहीतर आणखी कुठल्या धातूचं, आधी पुस्तिका उघडून बघा.

गाडी ताब्यात घेताना

सगळ्यात आधी बघायची ती नंबरप्लेट. सेल्फ ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसह टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, आणि गणपती-मे महिन्यात 'ओळखीतली गाडी आहे, स्वस्तात देतो' म्हणून मिळते ती बहुतेक हीच. खासगी पॉलिसीत 'भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर' स्पष्ट वगळलेला असतो. अशा गाडीला अपघात झाला की कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारते. तिसऱ्या माणसाला इजा झाली असेल तर न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला लावून मग मालकाकडून वसूल करायला सांगू शकतं, आणि मालक तो हिशेब कुणाच्या दारात घेऊन येईल हे सांगायला नको. कार्डही इथे उभं राहत नाही, कारण त्याला व्यवसाय म्हणून गाड्या भाड्याने देणारी संस्था आणि लेखी करार लागतो. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेतली तर कार्ड की प्लॅन यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही. दोन्ही गेलेच.

हीच पांढऱ्या पाटीची गाडी मामेभावाची असेल, त्याने फुकट वापरायला दिली असेल आणि चालवणाऱ्याकडे वैध परवाना असेल, तर तिची पॉलिसी पूर्ण लागू होते. पेट्रोल आपण भरलं म्हणजे भाडं दिलं असं होत नाही. पण 'दिवसाला हजार देतो रे' म्हणून फोनवरून पैसे पाठवले की त्या नोंदीला नेमकं तेच नाव मिळू शकतं. मामेभावाच्या गाडीवर झिरो डेप (भाग जुने झाल्याबद्दल क्लेममधून कपात न करणारं कव्हर) असेल तर परदेशातून आठ-पंधरा दिवसांसाठी येणाऱ्याला याहून भक्कम विमा दुसरा मिळणार नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. भिडेची किंमत ज्याने त्याने लावावी.

या प्रकरणातली गाडी काळ्या पाटीची होती, त्यामुळे पहिली पायरी बरोबर पडली. परवान्याचंही नीट होतं. नवऱ्याकडे अमेरिकी परवाना आणि सोबत आंतरराष्ट्रीय परवाना होता. अनेकांकडे जुना भारतीय परवाना असतो आणि त्याची मुदत दोन वर्षांपूर्वी सरलेली असते. तो दाखवून गाडी मिळते, क्लेम मिळत नाही.

दुसरी गोष्ट राज्याची सीमा. गोव्याच्या पाटीची गाडी सिंधुदुर्गात न्यायची तर करारात तशी परवानगी हवी. पुष्कळ लहान गाडीवाले 'गोव्याबाहेर नाही' असं छापून ठेवतात आणि तोंडाने म्हणतात, 'न्या हो, मालवण काय लांब आहे?' करारभंग झाला तर प्लॅनही बाद आणि कार्डाचं संरक्षणही, कारण भाडेकराराचं उल्लंघन करून केलेला वापर कार्डाच्या अटींत वगळलेला असतो. जोडप्याने करारावर 'महाराष्ट्र, सिंधुदुर्ग जिल्हा' असं लिहून सही-शिक्का घेतला. याला दोन मिनिटं लागली.

तिसरी गोष्ट गाडीच्या स्वतःच्या पॉलिसीची प्रत. डॅशबोर्डच्या कप्प्यात ती असतेच, पण कुणी वाचत नाही. तिच्यात चार ओळी शोधायच्या: मुदत, पॅकेज (गाडीचं स्वतःचं नुकसानही धरणारी) आहे की फक्त थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती), वापर 'भाड्याने' असा लिहिला आहे का, आणि वरची कव्हरं कोणती. या गाडीची पॉलिसी पॅकेज होती. झिरो डेप नाही, इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं वेगळं कव्हर) नाही. भाड्याच्या, त्यातून तीन वर्षांवरच्या गाडीत यात नवल काही नाही.

माणसांच्या इजेचा प्रश्न इथेच निकालात निघतो. स्कूटरवाला पडला, गुरांमागून येणाऱ्याला धक्का लागला, तर पैसे येतात ते गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून. इजा आणि मृत्यूला त्यात रकमेची मर्यादा नसते, दुसऱ्याच्या मालमत्तेला ₹७,५०,०००पर्यंत. कार्ड आणि डॅमेज प्लॅन, दोघेही यात एक पैसा देत नाहीत. ते फक्त भाड्याच्या गाडीच्या पत्र्यापुरते. आणि चालवणारा स्वतः? पॉलिसीतला ₹१५ लाखांचा अपघात विमा मालक-चालकाचा असतो. भाड्याने घेणारा मालक नसल्यामुळे त्याच्या मोडलेल्या हातासाठी त्यातून काही येत नाही. त्यासाठी प्रवासाचा वैद्यकीय विमा वेगळा घ्यावा लागतो. लोक बेचाळीसशे रुपयांच्या प्लॅनवर अर्धा तास बोलतात आणि हा विमा विसरतात.

इतकं सगळं बरोबर करून चूक झाली ती पैसे देताना. कार्डाच्या अटींत 'पूर्ण भाडं या कार्डावर' असं होतं. गाडी बुक करताना गाडीवाल्याने ₹३,००० आगाऊ मागितले आणि मामेभावाने ते मालवणातून यूपीआयने पाठवले. उरलेले ₹२३,४०० विमानतळावर कार्डाने दिले. डिपॉझिटही कार्डावरच अडवून ठेवलं गेलं. प्लॅन लेखी नाकारला, तेही बरोबर, कारण गाडीवाल्याचा प्लॅन घेतला की कार्डाचं संरक्षण आपोआप रद्द होतं. फक्त ते तीन हजार कार्डाबाहेरून गेले. कोकणात आणि गोव्यात लहान गाडीवाल्यांकडे कार्ड मशीन नसतं, असलं तर 'दोन टक्के जास्त पडतील' म्हणतात. ते दोन टक्के द्यावेत आणि बुकिंगची रक्कमही कार्डानेच भरावी. मशीनच नसेल तर कार्डाचा विचार सोडून प्लॅन घ्यावा.

गडगा

सातव्या दिवशी संध्याकाळी आचऱ्याहून मालवणकडे येताना समोरून एसटी आली. रस्ता अरुंद, भाद्रपदातलं रान माजून डांबराच्या कडेवर आलेलं. अशा दिवसांत साइडपट्टी पावसाने खचलेली असते आणि डांबराची कड वीतभर उंच राहते, पण गवतामुळे ती दिसत नाही. एसटीला वाट देताना डावं पुढचं चाक कडेवरून खाली गेलं. गाडी तिरकी होऊन जांभ्याच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासली. डावे दोन्ही दरवाजे, आरसा, फेंडर आणि बंपर गेले. गटारातला एक सुटा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) खालून इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या ऑइल चेंबरला लागला. चिरा दिसायला मऊ, पण त्याचा कोपरा चेंबरच्या पातळ पत्र्याला पुरून उरतो.

एसटीतल्या लोकांनी उतरून गाडी वर काढली. कुणाला लागलं नव्हतं, इंजिन चालू होतं, अंधार पडत होता. पुढे निघाल्यावर थोड्याच वेळात डॅशबोर्डवर तेलाच्या कुपीचा लाल दिवा लागला. घर जवळच होतं, म्हणून गाडी तशीच हाकली. तीन-साडेतीन किलोमीटरवर इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली आणि मग ते बंद पडलं.

हा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चेंबर फुटून तेल गळाल्यावर तो पेटतो तेव्हा पंपाला खेचायला पुरेसं तेल उरलेलं नसतं. क्रँक आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामधल्या बेअरिंगवर तेलाचा जो पातळ थर असतो तो नाहीसा होतो, धातू धातूवर घासतो, आणि हे मिनिटांत होतं. मालवणातल्या मेकॅनिकने खाली वाकून चेंबर बघितलं आणि म्हणाला, "दिवो पेटलो तेव्हाच गाडी बंद करूक व्हयी होती." विम्याच्या भाषेतही हेच वाक्य आहे. भारतीय मोटार पॉलिसीची एक अट सांगते की अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती करण्याआधी गाडी चालवली तर वाढलेलं किंवा पुढे झालेलं नुकसान पूर्णपणे विमाधारकाच्या जोखमीवर.

पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा स्टार्टर मारला की क्लेम अडतो, तेही याच तर्काने. पूर हा पॉलिसीत धरलेला धोका आहे, भिजलेल्या सीट आणि वायरिंगचे पैसे मिळतात. पण सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी फिरवून वाकवलेला रॉड हे परिणामी नुकसान ठरतं आणि ते इंजिन प्रोटेक्टशिवाय मिळत नाही. पावसाळ्यात मोरीवर गाडी बंद पडली तर ढकला, ओढा, चावीला हात लावू नका.

बिल

वर्कशॉपचा अंदाज आणि गाडीवाल्याची मागणी मिळून असं झालं. डेंटिंग-पेंटिंग आणि बाहेरचे भाग ₹४३,०००. खालचं काम, म्हणजे चेंबर, तेल, लोअर आर्म, टायर आणि मजुरी, ₹१८,५००. इंजिन ₹५८,०००. टोइंग ₹४,५००. गाडी उभी राहिल्याचं अकरा दिवसांचं नुकसान, दिवसाला ₹१,४००प्रमाणे, ₹१५,४००. एकूण ₹१,३९,४००.

कार्डाच्या क्लेमची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीला तिसऱ्या दिवशी फोन झाला. मुदतीची अडचण नव्हती. व्हिसाच्या नेहमीच्या अटींत ४५ दिवसांत कळवायचं, ९० दिवसांत फॉर्म भरायचा आणि ३६५ दिवसांत सगळे कागद द्यायचे. त्यांनी मागितलं ते असं: अपघाताचा अहवाल, सुरुवातीचा आणि शेवटचा भाडेकरार, दुरुस्तीचं तपशीलवार बिल, मोडलेल्या गाडीचे फोटो, पोलिसांकडची नोंद, गाडीवाल्याचं मागणीपत्र, आणि पूर्ण भाडं कार्डावर पडल्याचं दाखवणारं स्टेटमेंट. शेवटच्या कागदावर गाडं अडलं. करारात भाडं ₹२६,४००, स्टेटमेंटवर ₹२३,४००. क्लेम नाकारला गेला.

ते तीन हजार कार्डावर असते तर काय झालं असतं? बाहेरचं काम, खालचं काम आणि टोइंग मिळून ₹६६,००० मिळण्यासारखे होते. इंजिन आदळण्याने मोडलं नाही, तेलाशिवाय चालवल्याने मोडलं, म्हणून ते बाहेर राहिलं असतं. गाडी उभी राहिल्याचे पैसे कार्ड देऊ शकतं, पण त्यासाठी गाडीवाल्याकडे आपल्या सगळ्या गाड्या त्या दिवसांत भाड्यावर होत्या असा वापराचा तक्ता लागतो. सहा गाड्या आणि एक वही असलेल्या माणसाकडे तो मिळत नाही. म्हणजे खिशातून ₹७३,४००. तेसुद्धा आधी सगळं बिल स्वतः भरून, मग परतावा.

आणि प्लॅन घेतला असता तर? लोकांना इथे धक्का बसतो. करारातल्या बारीक अक्षरांत प्लॅनमधून टायर, गाडीचा खालचा भाग, क्लच, इंजिन, टोइंग आणि गाडी उभी राहिल्याचं नुकसान वगळलेलं होतं. म्हणजे प्लॅनने फक्त बाहेरचं काम ₹७,५००वर आणून ठेवलं असतं. बाकीचं ग्राहकाकडेच: १८,५००, ५८,०००, ४,५००, १५,४००. वर प्लॅनचे ४,२००. बेरीज ₹१,०८,१००. कार्डापेक्षा ₹३४,७०० जास्त. कोकणात गाडीला मार बसतो तो बहुतेक खालून: कड, चिरा, खड्डा. वाळूत रुतली तरी खालूनच. शहरातल्या पार्किंगच्या ओरखड्यांसाठी बेतलेला प्लॅन इथे अर्धा निरुपयोगी ठरतो. 'झिरो' असा शब्द पाटीवर असला तरी 'खालचा भाग धरला आहे का' एवढा एक प्रश्न विचारावा आणि उत्तर करारावर लिहून घ्यावं. धरला असेल तर बेचाळीसशे रुपये जरूर द्यावेत. लहान नुकसानात प्लॅनचा मोठा फायदा म्हणजे हिशेब जागेवर मिटतो, सातासमुद्रापार कागद पाठवावे लागत नाहीत. आमच्या मते पंधरा-वीस हजारांच्या आतल्या ओरखड्यांना प्लॅन सोयीचा, मोठ्या आदळआपटीला कार्ड. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत, ही मेख.

तिसरा दरवाजा

कार्ड गेलं, प्लॅन घेतलेला नव्हता. तरी गाडीची स्वतःची पॅकेज पॉलिसी होती, आणि तिच्यावर क्लेम टाकायला गाडीवाला तयार नव्हता. कारण साधं. ग्राहकाकडून रोख मिळतात तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, कशाला घालवा? बहुतेक ग्राहक इथे मान खाली घालून पैसे देतात. या जोडप्याच्या वतीने मामा जाऊन बसले आणि त्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली: पॉलिसीवर क्लेम टाका, त्यातून जे सुटणार नाही ते आणि तुमच्या बोनसचं नुकसान आम्ही देतो. गाडीवाल्याला यात तोटा नव्हता, म्हणून तो राजी झाला. हे त्याच्यावर बंधनकारक नाही. करारात काय लिहिलं आहे त्यावर आहे. पण विचारलं तर पुष्कळदा जमतं, आणि विमा कंपनीला तातडीने कळवलं असेल तरच जमतं. इथे मामेभावाने अपघाताच्या रात्रीच कंपनीच्या नंबरवर कळवायला लावलं होतं आणि सकाळी पोलीस ठाण्यात डायरीला नोंद केली होती. माणसाला इजा झाली असती तर जखमीला दवाखान्यात नेणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं कायद्यानेच चालकावर होतं.

नुकसान मोजायला आलेल्या सर्व्हेअरने ₹६१,५००चं काम धरलं, इंजिन सोडलं. मग घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याबद्दलची कपात. तीन ते चार वर्षांच्या गाडीत धातूच्या भागांना २५ टक्के, प्लास्टिक-रबराला कितीही नवी गाडी असली तरी ५० टक्के, रंगाच्या सामानाला ५० टक्के, काचेला काही नाही, मजुरीला काही नाही. बाहेरच्या कामात धातू ₹७,०००, प्लास्टिक ₹९,०००, रंगाचं सामान ₹८,०००, मजुरी ₹१९,०००. त्यातून कापले गेले १,७५०, ४,५०० आणि ४,०००, म्हणजे ₹१०,२५०. खालच्या कामात चेंबर-गॅस्केट ₹४,६०० आणि लोअर आर्म ₹३,००० यांचे २५ टक्के, टायर ₹३,८००चे ५० टक्के, आणि तेल-फिल्टरचे ₹२,७०० पूर्ण, कारण ते खपाऊ सामान, मिळून ₹६,५००. या पॉलिसीवरची सक्तीची वजावट ₹१,०००. उरले ₹४३,७५०, वर ओढून नेण्याचे ₹१,५००. कंपनीकडून आले ₹४५,२५०. झिरो डेप असतं तर घसाऱ्याचा बहुतेक भाग यात आला असता. तेल-फिल्टरला तरी वेगळं कव्हर लागतंच.

१,३९,४००मधून ४५,२५० वजा जाता ₹९४,१५०. बोनसचं नुकसान: स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ₹११,०००, त्यावर ३५ टक्के, म्हणजे ₹३,८५०. झाले ₹९८,०००. इथे जॉबकार्ड, म्हणजे वर्कशॉपची कामाची नोंद, उपयोगी पडलं. गाडी अकरा दिवस वर्कशॉपमध्ये होती खरी, पण त्यातले चार दिवस गाडीवाल्याने कागद उशिरा दिल्यामुळे गेले होते आणि जॉबकार्डवरच्या तारखा तेच सांगत होत्या. चार दिवसांचे ₹५,६०० सुटले. ठरले ₹९२,४००, त्यात डिपॉझिटचे दहा हजार वळते करून ₹८२,४०० द्यायचे.

त्या ब्याण्णव हजारांतले अठ्ठावन्न हजार एका लाल दिव्याचे आहेत. ते इथल्या कुठल्याच विम्याने दिले नसते.

हीच यात्रा दुसऱ्या वाहनाने केली असती तर कार्डाचा प्रश्न उद्भवलाच नसता. मालवण-तारकर्लीत भाड्याने मिळणाऱ्या स्कूटरना व्हिसाचं हे संरक्षण नाही, कारण दुचाकी त्यात वगळलेल्या आहेत. चालकासकट नऊहून जास्त माणसांची गाडीही नाही, म्हणजे गणपतीला अख्खं घर घेऊन निघणारी टेम्पो ट्रॅव्हलर बाद. ड्रायव्हरसह टॅक्सीत आपण प्रवासी असतो, तिथे हे लागतच नाही. तारकर्ली-देवबागच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी उतरवली तर रस्त्याबाहेरचा वापर म्हणून कार्डही हात वर करतं आणि प्लॅनही. आणि 'मालवणातल्या बोळातून तू घे रे, तुला सवय आहे' म्हणून मामेभावाच्या हातात चावी देण्याआधी त्याचं नाव करारावर दुसरा चालक म्हणून घातलेलं असावं. नसेल तर त्या बोळात कार्डही नाही आणि प्लॅनही नाही असं समजावं.

पैसे देताना मामांनी तीन कागद मागून घेतले: तपशीलवार अखेरचं बिल, कंपनीने क्लेम मंजूर केल्याचं पत्र, आणि 'या गाडीसंबंधी ग्राहकाकडे आता काही येणं नाही' असं सही-शिक्क्याचं लेखी. तिसरा महत्त्वाचा, कारण कार्डावर अडवलेलं डिपॉझिट हिशेबात धरूनही पुन्हा कापून घेतल्याच्या तक्रारी होतात, आणि तेव्हा बँकेपुढे ठेवायला हाच कागद लागतो.